मोजणारा माणूस: डेव्हिसच्या सायकली आणि मधमाश्यांची गोष्ट

आजचा एपिसोड कॉलेज कॅम्पसबद्दल आहे. पण फेस्ट, प्लेसमेंट, होस्टेल यातलं काहीच नाहीये. आज बोलायचंय सायकली आणि मधमाश्यांबद्दल. दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मलाही सुरुवातीला वाटलं होतं. पण एकाच विद्यापीठाच्या इतिहासात या दोन गोष्टी शेजारी शेजारी वाचल्या, आणि मला एक तिसरीच गोष्ट दिसली. ती काय, ते शेवटाकडे सांगतो.

तर जागा आहे कॅलिफोर्नियातलं डेव्हिस. सॅक्रामेंटोच्या पश्चिमेला, गाडीने वीसेक मिनिटांवर. चारी बाजूंनी शेती, जमीन तव्यासारखी सपाट, थंडी बेताची. १९०८ मध्ये इथे कॅलिफोर्निया विद्यापीठाचं ‘युनिव्हर्सिटी फार्म’ सुरू झालं, म्हणजे शेती शिकवणारी शाखा. बर्कलीच्या मोठ्या कॅम्पसची ही धाकटी, गावाकडची बहीण म्हणा ना. १९५९ मध्ये तिला पूर्ण विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्या वेळी गावाची लोकसंख्या होती जेमतेम नऊ हजार. पुढच्या दहा वर्षांत ती तेवीस हजारांच्या वर गेली. म्हणजे दहा वर्षांत गाव अडीचपट! ही सगळी नवीन माणसं कॅम्पसवर कशी येणार-जाणार, हा प्रश्न आज ना उद्या पडणारच होता.

आधी रस्ते की आधी सायकली?

तो काळ आठवा. १९६०चं दशक, अमेरिका. पेट्रोल स्वस्त, हायवे नवे कोरे, आणि प्रत्येक शहर गाड्यांसाठी रस्ते रुंद करण्याच्या मागे लागलेलं. सायकल हे लहान मुलांचं खेळणं मानलं जायचं. मोठा माणूस सायकलवर दिसला, तर लोक वळून बघायचे.

अशा वेळी डेव्हिसचे चॅन्सेलर होते एमिल म्रॅक. हे मूळचे यीस्टचे अभ्यासक, अन्नशास्त्रातलं मोठं नाव. कॅम्पसचा नवा आराखडा करणाऱ्या आर्किटेक्ट मंडळींना त्यांनी सांगितलं, की झाडांचा आणि सायकलींचा कॅम्पस डोळ्यासमोर ठेवून काम करा. मग कॅम्पसच्या मधल्या भागातले रस्ते गाड्यांना बंद झाले. तास संपला की हजारो मुलं एकाच वेळी सायकलवर बाहेर पडायची. त्यांच्यासाठी पुढे सायकलींचे गोल चौक आले. आपल्याकडे गाड्यांसाठी सर्कल असतं ना, तसंच, फक्त सायकलींसाठी.

पण कॅम्पसच्या गेटबाहेर काय? तिथे गावाचे रस्ते, गावाची नगर परिषद, आणि गाड्या.

इथे गोष्टीत एक कुटुंब येतं. फ्रँक चाइल्ड हे डेव्हिसमध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक. १९६३चा उन्हाळा त्यांनी, पत्नी ईव्ह आणि मुलांबरोबर नेदरलँड्समधल्या हेग शहरात काढला. तिथे म्हातारी माणसं, ऑफिसला जाणारे, शाळेची पोरं, सगळे सायकलवर, आणि सायकलला रस्त्यावर स्वतःची जागा. परत आल्यावर चाइल्ड पतीपत्नींनी विचारलं, हे आपल्याकडे का नाही? त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. गावातली समविचारी माणसं जमवून एक अभ्यासगट केला. नगर परिषदेकडे गेले.

परिषदेचा प्रतिसाद थंड. आता इथे बहुतेक चळवळी संपतात. निवेदन दिलं, फोटो निघाला, विषय संपला. पण या लोकांनी सह्या गोळा केल्या आणि विषय थेट निवडणुकीत नेला. १९६६च्या नगर परिषद निवडणुकीत सायकल लेनच्या बाजूचे दोन उमेदवार निवडून आले. विचार करा, रस्त्यावर रंगाचा एक पट्टा मारायचा की नाही, यावर गावाने मत दिलं!

तरी काम लगेच झालं नाही. कारण कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात रस्त्याचा भाग सायकलींसाठी राखून ठेवायची तरतूदच नव्हती. मग राज्याचा कायदा बदलून घेतला. आणि १९६७ मध्ये डेव्हिसच्या रस्त्यांवर सायकल लेन आल्या. अमेरिकेतल्या पहिल्या अधिकृत सायकल लेन म्हणून त्या ओळखल्या जातात.

प्रयोग केला, आणि बघत बसले

मला स्वतःला यातला सगळ्यात आवडलेला भाग पुढचा आहे. गावाच्या इंजिनिअर लोकांनी एकच डिझाइन सगळीकडे चिकटवलं नाही. त्यांनी वेगवेगळे प्रकार करून पाहिले. एका प्रकारात सायकल लेन चालत्या गाड्या आणि उभ्या गाड्या यांच्या मधून जायची. दुसऱ्यात उभ्या गाड्यांच्या आड, फूटपाथच्या कडेने. तिसऱ्यात रस्त्यापासून अगदी वेगळा मार्ग.

कागदावर दुसरा प्रकार सगळ्यात सुरक्षित वाटतो, हो ना? सायकल आणि चालती गाडी यांच्या मध्ये उभ्या गाड्यांची भिंत. पण लक्ष ठेवल्यावर कळलं, की गोची चौकात आहे. वळणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला त्या भिंतीमागची सायकल दिसतच नाही, आणि ती अचानक समोर येते. मग डेव्हिसने बहुतेक ठिकाणी पहिला प्रकार स्वीकारला. विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सॉमर आणि डेल लॉट यांनी लोक या लेन प्रत्यक्षात कशा वापरतात याचा अभ्यास केला. कॅलिफोर्नियाने पुढे सायकल मार्गांचे नियम लिहिले, तेव्हा डेव्हिसचा हा अनुभव कामी आला.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला टेस्टिंग म्हणतो. तीन व्हर्जन सोडा, युझर काय करतोय ते बघा, जे चाललं नाही ते काढा. फरक एवढाच, की आमचं बटण चुकलं तर फार तर कुणी वैतागतं. इथे लेन चुकली तर कुणाचा तरी पाय मोडतो.

१९७१ मध्ये विद्यार्थी संघटनेने कॅम्पसवर ‘बाइक बार्न’ नावाचं सायकल दुरुस्तीचं दुकान सुरू केलं. पंक्चर काढणारी, चेन बसवणारी, ब्रेक आवळणारी माणसं म्हणजे विद्यार्थीच. दुकान आजही आहे. सायकल देणं सोपं असतं, पण तीन महिन्यांनी तिची चेन पडते, तेव्हा कोण आहे? डेव्हिसकडे या प्रश्नाचं उत्तर पहिल्यापासून होतं.

मग आकडा घसरला

१९८०च्या जनगणनेत डेव्हिसमधले साधारण २८ टक्के लोक कामाला सायकलवर जात होते. अमेरिकेच्या मानाने हा आकडा डोळे विस्फारायला लावणारा आहे. लक्षात घ्या, यात फक्त नोकरीला जाणारे आहेत. वर्गात जाणारी पोरं धरलेलीच नाहीत.

२००० साली तोच आकडा साधारण १४ टक्क्यांवर आला. निम्मा.

काय झालं? लेन कुणी पुसल्या नव्हत्या, उलट वाढल्या होत्या. पण गावही बदललं. सॅक्रामेंटो आणि बे एरियात नोकरी करणारे लोक डेव्हिसमध्ये राहायला आले, आणि रोज तीस-चाळीस मैल सायकल कोण मारणार? विद्यार्थीच चालवत असलेली युनिट्रान्स नावाची बससेवा होती. १९६८ मध्ये ती लंडनहून आणलेल्या दोन डबलडेकरवर सुरू झाली होती. पुढे तिच्या बसचे पैसे विद्यार्थ्यांच्या फीमध्येच धरले गेले. बसायला वेगळे पैसे नाहीत म्हटल्यावर पावसात सायकल कोण काढेल?

ही कारणं समजण्यासारखी आहेत. पण आणखी एक कारण आहे, जे डेव्हिसचा अभ्यास करणाऱ्यांनी नोंदवलंय. पहिल्या फळीतली माणसं, म्हणजे आंदोलन करणारे नागरिक, परिषदेतले समर्थक, प्रयोग करणारे इंजिनिअर, हळूहळू निवृत्त झाली किंवा दुसऱ्या कामांना लागली. नंतर आलेल्यांना सायकल लेन म्हणजे जन्मापासून असलेली गोष्ट. जे आहेच, त्याची काळजी कशाला करायची?

आणि आता गंमत बघा. सायकलींसाठी सर्वांत चांगल्या शहरांना दिला जाणारा प्लॅटिनम दर्जा अमेरिकेत पहिल्यांदा मिळाला तो डेव्हिसलाच. साल कुठलं? २००५. म्हणजे आकडा निम्मा झाल्यानंतर! पदक गळ्यात, आणि सायकलवाले कमी. पदक खोटं नव्हतं, गावाने खरंच ते कमावलं होतं. पण पदक लेनकडे बघून मिळालं होतं. लेनवरून कोण जातंय, हे वेगळं मोजावं लागतं.

२००७च्या सुमारास विद्यापीठात दरवर्षी प्रवासाचं सर्वेक्षण सुरू झालं. कॅम्पसवर कोण कसं येतं, सायकल का सोडली, कशामुळे परत घेतली. पुढच्या वर्षांत आकडा पुन्हा थोडा वर सरकला. मोजणारी माणसं परत कामाला लागली होती.

आता मधमाश्या

याच वर्षांत, याच कॅम्पसवर, दुसरी गोष्ट चालू होती.

२००६च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या मधुपालकांनी पेट्या उघडल्या आणि आत कामकरी माश्याच नाहीत! राणी आहे, मध आहे, पिल्लं आहेत, पण माश्या गायब. मेलेल्याही सापडेनात. कुणाच्या ३० टक्के पेट्या गेल्या, कुणाच्या ९० टक्के. या प्रकाराला ‘कॉलनी कोलॅप्स डिसऑर्डर’ असं नाव पडलं. डेव्हिससाठी ही बातमी दूरची नव्हती. जगातले बहुतांश बदाम कॅलिफोर्नियाच्या ज्या खोऱ्यात पिकतात, त्याच खोऱ्यात डेव्हिस आहे. दर फेब्रुवारीत बदामाच्या फुलोऱ्यासाठी देशभरातून दहा लाखांहून जास्त पेट्या ट्रकने तिथे येतात. माशी नाही, तर बदाम नाही.

मग एका आइस्क्रीम कंपनीने, हागेन-डाझ्सने, डेव्हिसच्या संशोधनासाठी पैसे दिले. आइस्क्रीम कंपनी का? बदाम, स्ट्रॉबेरी, चेरी, असले कितीतरी स्वाद परागीभवनावर अवलंबून असतात, म्हणून. त्यातून विद्यापीठाच्या मधमाशी संशोधन केंद्राशेजारी अर्ध्या एकरात एक बाग उभी राहिली. २००९ मध्ये लागवड झाली आणि २०१० मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. दारात सहा फुटांची मोझॅकची मधमाशी बसवलीये. सेल्फीची सोय आपोआप झाली!

इथपर्यंत ही गोष्ट एखाद्या छान प्रेस नोटसारखी वाटते. पण बाग लावायच्या आधीच एक माणूस त्या रिकाम्या जागेवर जाऊन माश्या मोजत होता. त्यांचं नाव रॉबिन थॉर्प. डेव्हिसचे निवृत्त प्राध्यापक, आणि जंगली माश्यांचे जाणकार. आधी काय होतं हे माहीत नसेल, तर बागेमुळे काय वाढलं हे सांगणार कसं? इतकी साधी गोष्ट. पण किती ठिकाणी ती केली जाते? त्यांच्या नोंदींमधून पुढे या अर्ध्या एकरात माश्यांच्या ८० हून जास्त जाती दिसल्या.

८० जाती म्हटल्यावर दचकू नका. आपण ‘मधमाशी’ म्हणतो ती पोळ्यात राहणारी. पण जगात माश्यांच्या सुमारे २० हजार जाती आहेत, आणि त्यातल्या बहुतेक एकट्याने राहतात. ना पोळं, ना राणी, ना मधाचा साठा. मादी जमिनीत बीळ करते किंवा लाकडाच्या भोकात घर करते, तिथे परागाचा गोळा ठेवते, अंडं घालते, भोक बंद करते आणि निघून जाते. आपला काळा भुंगा लाकूड पोखरतो ना, तो याच खानदानातला. एकट्या कॅलिफोर्नियात अशा सुमारे १,६०० जाती आहेत. आणि अमेरिकेची पाळीव मधमाशी? ती मुळात युरोपातून नेलेली आहे.

म्हणून नुसत्या पेट्या ठेवून ‘आम्ही मधमाश्या वाचवतो’ म्हणणं पुरत नाही. जमिनीत राहणाऱ्या माशीला उघडी माती लागते. सगळीकडे हिरवळ आणि पेव्हर ब्लॉक टाकले की तिचं घर गेलं. वर्षभर काही ना काही फुललेलं लागतं, नाहीतर मधले दोन महिने उपाशी. वाळलेल्या काड्या आणि लाकडं थोडी पडून राहायला हवीत. आणि कीटकनाशक नको. म्हणजे माशीसाठीची चांगली बाग आपल्या डोळ्यांना थोडी अस्ताव्यस्तच दिसते. माळ्याला हे पटवणं हे खरं काम!

शेवटची एक माशी

थॉर्प यांच्या आयुष्यातली दुसरी मोजणी मात्र मनाला लागते.

ओरेगॉनचं दक्षिण टोक आणि कॅलिफोर्नियाचं उत्तर टोक, एवढ्याशा पट्ट्यात एक बंबलबी राहायची. केसाळ, जाडजूड, काळी-पिवळी. नाव फ्रँकलिन्स बंबलबी. थॉर्प दर उन्हाळ्यात तिथे जाऊन तिची नोंद करायचे. १९९८ मध्ये त्यांना ९४ दिसल्या. २००३ मध्ये तीन. २००४ आणि २००५ मध्ये एकही नाही. ऑगस्ट २००६ मध्ये माउंट ॲशलंड नावाच्या डोंगरावर एक दिसली. एकच.

त्यानंतर ते दरवर्षी जात राहिले. ती दिसली नाही. २०१९ मध्ये थॉर्प गेले. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सरकारने या माशीला संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत घेतलं. त्यासाठी त्यांच्या नोंदी फार मोलाच्या ठरल्या. ही माशी होती, आणि तिचं असं असं होत गेलं, हे आज आपल्याला माहीत आहे ते एक माणूस वही घेऊन डोंगर चढत राहिला म्हणून. जगात अशा किती जाती कुणीच न मोजता संपल्या असतील?

त्याच माउंट ॲशलंडच्या पायथ्याशी ॲशलंड गाव आहे, आणि तिथे सदर्न ओरेगॉन विद्यापीठ. २०१५ मध्ये हे अमेरिकेतलं पहिलं ‘बी कॅम्पस’ झालं. हा दर्जा कसा मिळतो, ते ऐका. कॅम्पसवर समिती हवी, अधिवासाचा लेखी आराखडा हवा, आणि दरवर्षी काय केलं याचा अहवाल देऊन दर्जा पुन्हा घ्यायचा. एकदा मिळाला, भिंतीवर लावला, असं नाही चालत. डेव्हिसच्या प्लॅटिनमच्या गोष्टीनंतर ही अट मला फार शहाणपणाची वाटते.

तर ती तिसरी गोष्ट

सुरुवातीला म्हणालो होतो, सायकली आणि माश्यांच्या आड मला एक तिसरी गोष्ट दिसली. ती म्हणजे मोजणारा माणूस.

डेव्हिसमध्ये सायकली आल्या, कारण लोक भांडले. त्या टिकल्या, कारण इंजिनिअर बघत बसले आणि पोरं पंक्चर काढत बसली. कमी झाल्या, तेव्हा तो आकडा बराच काळ कुणाच्या रोजच्या कामाचा भाग नव्हता. माशी कमी झाली, तेव्हा ती मोजणं हे एका माणसाने स्वतःहून आपलं काम मानलं होतं. ती वाचली का? अजून तरी सापडलेली नाही. पण ती गुपचूप गेली नाही, एवढं नक्की.

आपल्याकडेही हे नवीन नाही. पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणायचे, ते आपल्या आजी-आजोबांना विचारा. २०१७च्या डिसेंबरमध्ये औंधमध्ये आणि विद्यापीठाच्या आवारात ॲपवर चालणाऱ्या सायकली आल्या. उत्साह दांडगा होता. काही वर्षांत त्या रस्त्यांवरून दिसेनाशा झाल्या. मधमाश्यांचं म्हणाल, तर पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे. आणि तरीही एखाद्या कॉलेजच्या इमारतीला आग्या माश्यांचं पोळं लागलं, की पहिला फोन जातो पेस्ट कंट्रोलला.

तुमच्या कॉलेजमध्ये ग्रीन क्लब असेल, तर झाडं लावायच्या कार्यक्रमाआधी एक काम करा. एका ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी स्टँडवरच्या सायकली मोजा. त्यातल्या किती चालू आहेत आणि किती गंजून पडल्यात, तेही लिहा. एका फुललेल्या झाडाखाली पंधरा मिनिटं उभं राहा आणि येणाऱ्या माश्यांचे फोटो काढा. सातेरी कुठली, फुलोरी कुठली, भुंगा कुठला, हे ओळखता येत नसेल तर फोटो आयनॅचरलिस्टवर टाका, जाणकार लोक मदत करतात. बर्कलीच्या विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधून आलेलं हे ॲप आहे, फुकट आहे. मग पुढच्या वर्षी त्याच दिवशी परत जा. आणि तुम्ही पास होऊन बाहेर पडाल, तेव्हा ती शीट ज्युनिअरच्या हातात द्या.

नंतर कुणी विचारलं, की आपल्या कॅम्पसवर काय वाढलं आणि काय कमी झालं, तर निदान तुमच्याकडे उत्तर असेल. पहिल्या वर्षीचा आकडा कितीही लहान असला तरी लिहून ठेवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!